उसातला बिबट्या: जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाळप हंगाम सुरू झाला, कोयते फडात शिरले, की हे प्रश्न येऊ लागतात. काही रागाने विचारलेले असतात, काही घाबरून, काही पुण्या-मुंबईतून नुसत्या कुतूहलाने. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड मागून. जे एकदा सांगितलंय तिथे पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बिबट्या आत्ता समोर असेल तर वाचत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

१. बिबट्या जंगल सोडून गावात का येतो?

बहुतेक वेळा तो जंगलातून आलेलाच नसतो. तुमच्या मळ्यामागे दिसणारा बिबट्या त्याच शिवारात, उसाच्या फडात जन्मलेला असतो, आणि पुष्कळदा त्याची आईही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमध्ये कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात आणि जवळपास जंगल म्हणावं असं काही नाही. तरी १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळजवळ तेवढीच तरसं.

गळ्यात माग काढणारा जीपीएस पट्टा लावलेल्या बिबट्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दिवसा ते पिकात पडून राहत आणि रात्री कित्येकदा घरांच्या पंचवीस मीटरच्या आतून जात. घरातल्यांना पत्ताही नसे. म्हणजे ‘बिबट्या गावात शिरला’ अशी बातमी होते, तेव्हा तो त्या दिवशी फक्त दिसलेला असतो.

२. आमच्या आजोबांच्या काळी बिबट्याचं नाव नव्हतं. मग हे कुठून आलं?

पश्चिमेच्या डोंगरात तो तेव्हाही होता. मावळपट्ट्यातली वाघोबाची ठाणी आणि महादेव कोळ्यांची वाघबारस काही काल सुरू झालेली नाही. पूर्वेच्या सपाटीवर मात्र त्याला लपायला जागा नव्हती. माळशेजच्या अंगाला पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून पूर्वेला शिरूरकडे उतरावं तर सुमारे पाचशेवर येतो. या कोरड्या पट्ट्यात बाजरी, मटकी, हुलगा, नाहीतर गवताचे माळ. बाजरीत बिबट्या महिना-दोन महिने लपेल, पण उन्हाळ्यात मोकळ्या रानात जाणार कुठे?

मग कुकडी प्रकल्प झाला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आणि त्यांचे कालवे. उसाला १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, ते पाचशेच्या पावसात येणं शक्य नव्हतं. कालव्याने ते आणलं, साखर कारखान्यांनी उसाला गिऱ्हाईक दिलं, आणि दोन पिढ्यांत माळाचा फड झाला. हे वाईट झालं असं म्हणण्याची माझी छाती नाही. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या घरांत त्या पाण्याने पदवीधर पोरं झाली.

बदल आणखी एक झाला, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पूर्वी सगळं गाव गावठाणात राहायचं आणि शेतावर नुसती जाऊन येऊन असायची. पाणी आलं, विहिरीवर मोटार बसली, तशी घरं मळ्यात गेली. आज एकेका कुटुंबाची वस्ती आहे. चार खोल्या, गोठा, दोन कुत्री, शेळ्या आणि दारापासून दहा पावलांवर ऊस. माणसाने आपली वस्ती विखुरली आणि प्रत्येक वस्तीभोवती दाट आडोसा लावला. बिबट्याला याहून वेगळं काही नको असतं.

३. उसातच का? मक्यात, केळीत का नाही?

तिथेही असतो. नेपियर गवतात, द्राक्षबागेच्या कडेच्या झाडीत, ओढ्याच्या घाणेरीतही. पण ऊस सर्वांत जास्त काळ उभा असतो. आडसाली लागण सोळा-अठरा महिने, पूर्वहंगामी आणि ‘सुरू’ या लागणी त्याहून थोड्या कमी, वर खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. शेजाऱ्याचा आडसाली तुटतो तेव्हा तुमचा सुरू अजून उभा असतो. त्यामुळे शिवारात आडोसा कधीच संपत नाही. आत गारवा, पाण्याची दांडं, आणि मधे महिनोन् महिने कुणी फिरकत नाही. मादी साधारण तीन महिन्यांत विते, दोन-तीन बछडे होतात आणि ते दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात.

४. उसात तो खातो काय? शेळ्या-मेंढ्याच ना?

सगळ्यांना तसंच वाटतं, कारण शेळी गेली की घरात रडारड होते आणि भटकं कुत्रं गेलं तर कुणी मोजतही नाही. अकोल्यातच विष्ठा तपासून केलेल्या अभ्यासात खाल्लेल्या वजनाचा सुमारे ८७ टक्के भाग पाळीव आणि भटक्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा ११. तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही.

कुत्री कशावर जगतात हे पाहायचं तर कुठल्याही मोठ्या गावाचा ओढा पाहा. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या गोणीत भरून पुलावरून खाली टाकलेल्या असतात, चिकनच्या दुकानाची घाण तिथेच, लग्नाच्या कार्यालयाचं उष्टं तिथेच. गोणी फाडायला कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आणि शाळेची पायवाट त्याच पुलावरून जाते. पिंजऱ्याची मागणी ग्रामसभेत दरवेळी होते, या गोण्यांचा ठराव मी अजून ऐकलेला नाही.

५. यात नदीचा काय संबंध? बिबट्यावर बोला.

संबंध आहे, कारण ज्या पाण्याने ऊस आणला त्याच पाण्याने नदी बदलली.

कुकडी, मीना, घोड या पावसाळी नद्या. आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहायच्या, थंडीत निवळशंख व्हायच्या आणि चैत्र-वैशाखात डोह तेवढे उरायचे. डोहांत मासे तगून राहायचे, वाळवंटात नदी सुरय आणि टिटवी अंडी घालायची, काठाला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज असायचे. आता पूर धरणात अडतो आणि पाणी सुटतं ते आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याच्या पाणीपाळीच्या, तारखांनी. उन्हाळ्यात एक दिवस अचानक नदी भरते, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ओस पडते. मधेमधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांचे ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की नदीची तळ्यांची माळ होते. साचलेल्या पाण्यात शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी उतरलं की जलपर्णी माजते. वाळू तर केव्हाच ट्रॅक्टरने गेली, आणि सुरयला अंडी घालायला जागा राहिली नाही. घोडचं हे पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं. तिथल्या मच्छीमाराच्या जाळ्यात आता काय येतं विचारा, बहुतेक चिलापी. तो मासा आपल्या नद्यांचा नाहीच.

काठाचं काय झालं? बांध सरकत सरकत पाण्यापर्यंत गेला, करंज-उंबर तुटले आणि थेट काठाला ऊस लागला. बिबट्याला याने अडत नाही, उलट ओढे आणि नदीकाठ हेच त्याचे रात्रीचे रस्ते. अडतं ते बाकीच्यांचं, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

६. म्हणजे शेतीमुळे वन्यप्राणी वाढले! मग ओरड कशाची?

एक वाढला. जे काहीही खातं, कुठेही लपतं आणि माणसाला चुकवून राहतं, ते टिकलं. बिबट्या, रानडुक्कर, काही ठिकाणी तरस. ज्यांना मोकळा माळच लागतो ते संपत चालले.

शिरूर, दौंड, बारामती, श्रीगोंदा, कर्जत हा मुळात गवताळ पट्टा. चिंकारा, काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक यांचा. सरकारी कागदावर याला ‘पडीक’ म्हणतात आणि हा शब्द लागला की जमिनीवर काहीही करायला मोकळीक मिळते. वनीकरण म्हणून ग्लिरिसिडिया लावा, प्लॉट पाडा, कालवा आला की ऊस लावा. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं, सोलापूरजवळचं नान्नज त्यातलंच. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे, पण पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचा तुकडा तो केवढा! लांडग्याला भटक्या कुत्र्यांकडून रोग लागतात आणि त्यांच्याशी संकरही होतो.

लांडगा कमी झाला म्हणून कुणी रास्ता रोको करत नाही. म्हणून हे नुकसान दिसत नाही, एवढंच.

७. पिंजरा लावा, पकडा आणि लांब दाट जंगलात सोडा. एवढं सोपं का करत नाहीत?

करून झालंय, आणि ते महागात पडलं. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी, १९९३ ते २००१ मध्ये, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात ते सरासरी १७ वर गेले. हल्ले वाढले ते मुख्यतः जिथे बिबटे सोडले त्या भागांच्या आसपास.

कारणं समजायला कठीण नाहीत. एक जागा रिकामी झाली की दुसरा, बहुधा तरणा आणि अननुभवी, ती धरतो. ज्याला नेऊन सोडलं तो अनोळखी रानात भांबावतो. तिथल्या बिबट्यांशी भांडतो किंवा घराच्या दिशेने चालू लागतो. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर भागात विहिरीतून काढलेला एक म्हातारा नर गळ्यात पट्टा लावून माळशेजला सोडला होता. त्याचं नाव ‘आजोबा’ पडलं. महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत, हमरस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडत तो मुंबईच्या संजय गांधी उद्यानाशी पोचला. वाटेत त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही.

विशिष्ट जनावर खरंच माणसांवर येत असेल तर गोष्ट वेगळी, प्रश्न ११ पाहा.

८. वनखातंच रात्री गाडीतून बिबटे आणून सोडतं, असं गावात सगळे म्हणतात.

ही समजूत काही अगदी हवेतून आलेली नाही, पकडून-सोडण्याचा इतिहास प्रश्न ७ मध्ये आहे. शिवाय विहिरीतून काढलेला धडधाकट बिबट्या जवळच मोकळा केला जातो आणि ती गाडी कुणीतरी पाहिलेली असते. मात्र आजची संख्या बाहेरून आणून झालेली नाही, ती उसात झाली.

९. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात सगळे ठेवता येणार नाहीत का?

नाही. ते निवारा केंद्र जखमी, अपंग, म्हातारे आणि मोकळं सोडता न येणारे बिबटे ठेवण्यासाठी आहे. तिथला प्रत्येक पिंजरा म्हणजे पुढची दहा-बारा वर्षं रोजचं मटण, डॉक्टर आणि माणसं. दहा नेले तरी रिकाम्या जागेचं काय होतं ते वर आलंच आहे.

१०. नसबंदी हाच उपाय नाही का?

२०२५ च्या अखेरीला जुन्नर भागात काही मोजक्या माद्यांवर प्रयोग करायला मंजुरी मिळाली. प्रयोग म्हणून ठीक आहे. पण नसबंदी झालेली मादी तिथेच राहते, तिथेच शिकार करते, आणि पुढची कित्येक वर्षं. आज रात्रीच्या भीतीवर तो उपाय नाही. आणि संख्या खरोखर खाली यायची तर माद्यांचा मोठा हिस्सा पकडावा लागेल, उसात ते काय प्रकरण आहे हे पिंजरा लावणाऱ्यांना विचारा.

११. माणूस मारला तरी गोळी का घालत नाहीत? कायदा माणसासाठी आहे की जनावरासाठी?

कायद्यात तरतूद आहे. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. कलम ११ नुसार तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाल्याची खात्री पटली, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणांसह लेखी आदेश देऊ शकतात. पण आधी पकडणं, बेशुद्ध करणं शक्य नाही हे दिसायला हवं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी प्रामाणिकपणे केलेला वार हा याच कलमाने गुन्हा ठरत नाही.

अडचण असते ती नेमका कोणता हे ठरवण्याची. ठसे, कॅमेऱ्यातले ठिपके, नमुने हे सगळं जुळवायला दिवस लागतात आणि गावाला एक रात्रही काढवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि नोव्हेंबरात एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. मानेभोवती खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जाणाऱ्या बायकांचे फोटो तेव्हाचेच. अशा वेळी शहरातून ‘सहजीवन’ शिकवणाऱ्यांनी चार दिवस गप्प बसावं, असं माझं मत आहे.

१२. लाईट रात्री येते, पाणी भरायला जावंच लागतं. काय करू?

एकट्याने जाऊ नका. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, जोरात बोला, बॅटरी खाली न मारता पिकाच्या कडेने फिरवा. बारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, वाकावं लागतं आणि वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा वाटू शकतो. म्हणून एकाने वाकावं, दुसऱ्याने उभं राहून पाहावं. शौचाला अंधारात उसाकडे बसू नका, तेही त्याच कारणाने.

खरा उपाय दिवसाची वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी आहे, २०१७ पासून. ज्या फिडरवर (वीजवाहिनीवर) ती आली तिथे रात्रीची फेरीच उरत नाही. बिबट्याच्या निवेदनात ही मागणी सर्वांत वर लिहा, पिंजरा त्याखाली.

१३. वस्तीवर लहान मुलं आहेत. घराभोवती काय करावं?

घर आणि ऊस यांच्यात मोकळी पट्टी सोडा. दोन-चार सऱ्या कमी लागल्या तरी चालतील, तिथे मेथी, कोथिंबीर, भुईमूग घ्या. दिवेलागणीनंतर मूल अंगणात एकटं नको. गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या पत्र्याच्या फटीतून सहज उतरतो. कुत्रं रात्री साखळीने ओट्यावर बांधणं म्हणजे त्याला दाराशी बोलावणं. कचऱ्याचं प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

१४. ऊसतोडीत बछडे सापडले. उचलून घरी आणले तर चालतील का?

मुळीच नाही. डोळेही न उघडलेले बछडे मांजराच्या पिलांसारखे दिसतात, टोळीतली पोरं मांडीवर घेऊन फोटो काढतात, आणि आई मागच्या सरीत असते. तोड थांबवा, माणसं मागे घ्या, १९२६ ला कळवा.

पुढे काय होतं ते पाहण्यासारखं असतं. वनकर्मचारी आणि डॉक्टर पिलं तपासतात, अंगावरचे गोचीड काढतात, कातडीखाली चिप बसवतात. दिवस मावळताना भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये घालून क्रेट जिथे पिलं सापडली नेमक्या त्याच सरीत ठेवतात आणि समोर कॅमेरा लावून सगळे निघून जातात. अंधार पडल्यावर आई येते. क्रेटभोवती फिरते, हुंगते, पंजाने तो कलंडवते आणि मानगुटीला धरून एकेक पिलू नेते. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. पिलं हरवलेली मादी मात्र रात्रभर वस्त्यांभोवती गुरगुरत फिरते, आणि ती रात्र गावाला परवडत नाही.

तोडीची पद्धतही महत्त्वाची. चारही बाजूंनी तोडत मधे बेट ठेवलं तर आतलं जनावर कोंडलं जातं. एका बाजूने तोडत चला, दुसरी बाजू ओढ्याकडे मोकळी ठेवा.

१५. विहिरीत बिबट्या पडलाय, सगळं गाव जमलंय.

आधी गाव मागे घ्या. कठड्यावरून वाकून शूटिंग करणाऱ्यांमुळे एखादा माणूस आत पडायचा. बिबट्या पोहतो, पण दमतो, म्हणून चार कोपऱ्यांना दोर बांधून उलटी बाज खाली सोडा. तो तिच्यावर चढून बसतो. उरलेलं काम वनविभागाचं, ते पिंजरा सोडतात. बिनकठड्याच्या विहिरी बांधून घेतल्या तर हा प्रश्नच या यादीतून जाईल.

१६. शेळी मारली. भरपाई कशी मिळते?

४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका. वास येतो म्हणून ओढ्यात टाकलं की दावा गेला. पशुवैद्यकाचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो तयार ठेवा. रक्कम बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांनी आणि कमाल मर्यादेत मिळते, त्यामुळे दुभत्या गाईला ती कधीच पुरत नाही, ही तक्रार रास्त आहे. माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात, काही लगेच, बाकीचे मुदत ठेवीत.

१७. कुंपणात करंट सोडला तर?

मीटरचा किंवा खांबावरचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात बिबट्याआधी शेजारचा गडी मरतो. सौर झटका मशीन वेगळं. ते थांबून थांबून झटका देतं, जीव घेत नाही. मात्र तारेखालचं गवत काढत राहिलं नाही तर ते नुसतं शोभेचं उरतं.

१८. सगळ्यांनी ऊस बंद केला तर बिबटे जातील?

एका गावाने केला तर शेजारच्या गावात जातील. सगळ्यांनी एकदम केला, तर उपाशी आणि उघड्यावर पडलेले बिबटे पहिली काही वर्षं आजच्यापेक्षा जास्त समोर येतील. पुन्हा उसाइतका हमखास हातात पैसा देणारं दुसरं पीक कुठलं, हे टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्या नारायणगावच्या शेतकऱ्याला कोण सांगणार? माझ्या मते ऊस राहील, फक्त कुठे लावायचा हे बदलता येईल. घर, शाळा, अंगणवाडी, एसटी थांबा यांच्या लगत नको. नदी-ओढ्याकाठी पुन्हा झाडांची पट्टी हवी. ठिबकने पाणी वाचलं तर खाली कर्जत-करमाळ्याच्या टोकाला आवर्तन पोचेल आणि नदीतही थोडं राहील.

१९. आम्ही शहरात राहतो. सोसायटीच्या मागे दिसला म्हणे. हेच सगळं लागू होतं का?

ऊस वगळून बाकी सगळं. मुंबईचं संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, भोवती दाट वस्ती, आणि २०१५ च्या मोजणीत तिथे आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे आढळले. तिथेही पकडून-सोडण्याच्या काळात, २००४ च्या सुमारास, हल्ले एकदम वाढले होते. पुढे लोकांशी बोलणं आणि कचरा हटवणं यावर भर दिल्यावर कमी झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा व्हिडिओ पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा एवढं विचारा. एकच क्लिप नाशिक, कऱ्हाड आणि पिंपरीत ‘आत्ताची’ म्हणून फिरते.

२०. महामार्गावर गाडीखाली मेलेला बिबट्या दिसला. नखं काढून ठेवली तर काय बिघडतं?

तुरुंगात जाल. मेलेलं जनावरही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता आहे, नख, दात, मिशी यांतलं काहीही ठेवणं गुन्हा. गाडी सुरक्षित बाजूला घ्या, मागच्यांना इशारा द्या आणि १९२६ ला जागेचा किलोमीटर दगड सांगा. पुणे-नाशिक रस्त्यावर ओढ्यांचे पूल जिथे आहेत तिथेच हे अपघात जास्त होतात, म्हणून ती नोंद उपयोगी पडते. जनावर हलत असेल तर गाडीतून उतरू नका.